टॅक्स सेलमध्ये घर गेलं तरी वरचे पैसे मालकाचेच असतात: सरप्लस रिकव्हरीचं काम कसं सुरू करायचं

अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच लोकांनी विचारलं की हे सरप्लस फंडचं काम नक्की काय असतं आणि व्हिडिओत दाखवतात तसं घरबसल्या खरंच जमतं का, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. जमतं, पण सेल्सचं काम समजून आलात तर टिकणार नाही. टॅक्सच्या लिलावानंतर उरलेले पैसे जुन्या मालकाला मिळवून द्यायचे आणि त्यावर फी घ्यायची, म्हणजे हे माणसं शोधायचं आणि कागद जुळवायचं काम आहे.

आधी पैसे येतात कुठून ते बघू. घराचा किंवा प्लॉटचा प्रॉपर्टी टॅक्स थकला की काही काळाने तो वसूल करायला प्रॉपर्टीचा लिलाव होतो. समजा टॅक्स, व्याज, दंड आणि लिलावाचा खर्च धरून ९,००० डॉलर थकलेत आणि बोली गेली ६१,००० वर, तर वरचे ५२,००० डॉलर म्हणजे सरप्लस. त्यातून आधी ज्यांचं लियन आहे त्यांचं देणं भागतं (सातबाऱ्यावर बोजा चढवलेला असतो ना, तसंच इथे लियन) आणि उरलेलं जुन्या मालकाचं. पण मालकाला याची खबरच नसते, कारण काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक कारभार) पत्रं जुन्या पत्त्यावर जातात, किंवा मालक वारलेला असतो, किंवा घर गेल्याच्या धक्क्यात लोक ती पाकिटं उघडतच नाहीत.

काही राज्यांत तर सगळे पैसे सरकारच ठेवून घ्यायचं. मिनियापोलिसच्या जेराल्डिन टायलर या आजींचा काँडो म्हणजे फ्लॅट साधारण १५,००० डॉलरच्या थकबाकीसाठी गेला, त्यातला मूळ टॅक्स फक्त २,३०० च्या आसपास, बाकी व्याज आणि दंड. काँडो विकला गेला ४०,००० ला आणि हेनेपिन काउंटीने वरचे २५,००० ठेवून घेतले. सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये एकमताने आजींच्या बाजूने कौल दिला. मिशिगनमध्ये २०२० साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने असाच निकाल दिला होता, तिथे उरी राफाएली यांची प्रॉपर्टी ८ डॉलर ४१ सेंट कमी भरले म्हणून सुरू झालेल्या प्रकरणात २४,५०० ला विकली गेली होती. ही दोन्ही प्रकरणं वाचून घ्या, समोरचा माणूस "हे पैसे माझे कसे?" म्हणाला की सांगायला लागतात.

आता राज्य निवडायचं. पन्नास राज्यांच्या याद्या विकत घेऊन फोन फिरवत बसू नका, एका राज्यातल्या एकदोन काउंट्या धरा आणि तिथला कायदा मुळातून वाचा, कारण मुदती आणि फी दोन्ही राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये मालकाकडून घ्यायची फी २५ टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढीच. म्हणजे वरच्या ५२,००० च्या केसमध्येही तुमच्या हातात जास्तीत जास्त १,००० येणार. तिथे पैसे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, म्हणजे कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे असतात आणि लिलावापासून दोन वर्षांत कोर्टात अर्ज करावा लागतो. कॅलिफोर्नियात नव्या मालकाच्या डीडची (खरेदीखताची) नोंद झाल्यापासून एक वर्षात क्लेम करायचा असतो, आणि मालकाने हक्क तुमच्या नावे करून द्यायचा असेल तर रक्कम किती आहे आणि तो स्वतःही क्लेम करू शकतो हे आधी सांगणं बंधनकारक आहे. मिशिगनची मुदत सगळ्यात फसवी आहे. ज्या वर्षी फोरक्लोजर झालं, म्हणजे थकबाकीपोटी प्रॉपर्टी ताब्यात गेली, त्याच वर्षी १ जुलैपर्यंत ५७४३ नंबरचा फॉर्म नोटरी करून सर्टिफाइड मेलने किंवा हातोहात द्यायचा, म्हणजे बऱ्याचदा लिलाव व्हायच्या आधीच, आणि मग पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी ते १५ मे या काळात सर्किट कोर्टात मोशन, म्हणजे पैसे मागायचा अर्ज. फॉर्म चुकला की पैसे गेले. फ्लोरिडात लिलावानंतर क्लार्क नोटीस काढतो, लियनवाल्यांना क्लेम करायला १२० दिवस मिळतात, त्यांच्याकडून काहीच आलं नाही तर उरलेले पैसे रेकॉर्डवरच्या मालकाचे असं कायदाच धरून चालतो.

यादी कशी मिळवायची? बऱ्याच काउंट्या ती वेबसाइटवरच टाकतात, फक्त नाव बदलतं, कुठे सरप्लस, कुठे एक्सेस प्रोसीड्स, जॉर्जियात एक्सेस फंड्स, तेव्हा सगळी नावं टाकून शोधा. नाहीच सापडली तर त्या राज्याच्या पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली साधा ईमेल करून मागा. क्लार्क ऑफिसातल्या लोकांशी नम्रपणे बोला, तीच माणसं पुढे रोज लागतात.

यादीतला आकडा बघून हुरळून जायचं नाही, खरं काम इथेच आहे. परत ५२,००० वाली केस घ्या. काउंटीच्या रेकॉर्डमध्ये मालकाचं नाव टाकून बघा: मॉर्गेज म्हणजे घरावरचं कर्ज आहे का, ते फिटल्याची नोंद आहे का, सोसायटीची म्हणजे एचओएची थकबाकी, कुणाचं जजमेंट म्हणजे कोर्टाने ठरवलेलं देणं, आणि गवत कापलं नाही म्हणून रोज चढत गेलेला कोड एन्फोर्समेंटचा दंड. फ्लोरिडात सरकारी लियन आधी भागवतात. समजा दंडाचे १८,००० आणि जुन्या मॉर्गेजचे ३०,००० निघाले, तर मालकासाठी ४,००० उरले, ही केस तुमच्यासाठी नाही. पण मॉर्गेज फिटलेलं असेल आणि फिटल्याचा कागद नोंदवलेला असेल तर तीच केस ३४,००० ची होते. हे तासभर बसून बघितल्याशिवाय कुणाला फोन करू नका, खोटी आशा लावणं वाईट.

मग माणूस शोधायचा. स्किप ट्रेसिंगच्या, म्हणजे माणसाचा सध्याचा पत्ता-फोन काढून देणाऱ्या पेड सर्व्हिसेस आहेत, पण सुरुवातीला फुकट साइट्स, मतदार नोंदणी आणि कोर्टाचे रेकॉर्ड यावरही बरंच निघतं. मालक वारला असेल तर श्रद्धांजलीची बातमी म्हणजे ऑबिच्युअरी शोधा, त्यात मागे कोण कोण आहे ते लिहिलेलं असतं, मुलींची लग्नानंतरची नावं आणि गावंसुद्धा. सगळ्या वारसांची यादी करा, एकालाच गाठून बाकीच्यांना अंधारात ठेवलं तर केस कोर्टात अडकते आणि घरात भांडणं लागतात ती वेगळीच.

पहिला संपर्क पत्राने करा. फोनवर कोणी अनोळखी माणूस तुमचे ५२,००० पडलेत म्हणाला तर आपणही फ्रॉडच समजू ना? पत्रात केस नंबर, लिलावाची तारीख आणि काउंटी ऑफिसचा नंबर लिहा आणि सरळ सांगा की आधी तिथे फोन करून खात्री करा. आणि हेही लिहा की हा क्लेम तुम्ही स्वतः, मला काहीही न देता करू शकता. सगळे म्हणतात असं सांगितलं तर धंदा बुडेल. माझं ठाम मत उलटं आहे. ज्याला स्वतः जमतं त्याने स्वतःच करावं, आणि ज्याला जमत नाही, म्हणजे वारस चार राज्यांत पांगलेत किंवा प्रोबेट (वारसा ठरवायची कोर्टातली केस) उघडायचंय, तो तुम्ही खरं बोललात म्हणूनच तुमच्याकडे येतो. आगाऊ पैसे कधीच मागायचे नाहीत, फोनवर सोशल सिक्युरिटी नंबर विचारायचा नाही, आणि फोन करणार असाल तर डू नॉट कॉलचे, म्हणजे नको असलेल्या फोनबद्दलचे नियम आधी वाचा.

करार एकदोन पानांचा, साध्या भाषेत. फी किती टक्के, पैसे आलेच नाहीत तर काहीही देणं नाही, आणि चेक मालकाच्या नावाने किंवा वकिलाच्या ट्रस्ट अकाउंटमध्ये (अशिलांचे पैसे ठेवायचं वेगळं खातं) येईल. करार त्या राज्यातल्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या. वकील तसाही लागतोच, कारण कोर्टात दुसऱ्यासाठी मोशन टाकणं किंवा कायदेशीर सल्ला देणं हे बिगरवकिलाने केलं तर गुन्हा ठरू शकतो. काही ठिकाणी लायसन्सही लागतं. फ्लोरिडात पैसे क्लार्ककडून राज्याच्या अनक्लेम्ड, म्हणजे कुणी न मागितलेल्या पैशांच्या खात्यात गेले की मालकाच्या वतीने ते मागायला नोंदणी केलेला वकील, सीपीए (अमेरिकेतला सीए) किंवा प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेटरच चालतो.

एलएलसी (छोटी कंपनी), ईआयएन (धंद्याचा टॅक्स नंबर) आणि वेगळं बँक खातं ही कामं आठवड्याभरात उरकतात. पण व्हिसा बघा. एच-वन-बी वर असाल तर हे साइड बिझनेस म्हणून करता येत नाही, एच-फोर ईएडी (जोडीदाराच्या व्हिसावरचा कामाचा परवाना) किंवा ग्रीन कार्ड असेल तर हरकत नाही. आणि चालती नोकरी सोडू नका, क्लेम मंजूर व्हायला महिनोन्महिने जातात, कॅलिफोर्नियात तर ते क्लेमचं वर्ष उलटल्याशिवाय वाटप होतच नाही. हजारो डॉलरचे कोर्सही घेऊ नका, कायद्याची कलमं आणि काउंटीचे फॉर्म फुकट आहेत.

एक कोपरा मात्र आपल्या भाषेच्या माणसांनीच सांभाळावा असा आहे. फ्लोरिडात लीहाय एकर्ससारख्या भागात रिकाम्या प्लॉटचे नुसते जाळे आहे आणि असे प्लॉट लांबच्या लोकांनीही घेऊन ठेवलेत. असा एखादा मालक परत पुण्याला किंवा नाशिकला गेला की टॅक्सची बिलं जातात अमेरिकेतल्या जुन्या भाड्याच्या घरी. यादीत भारतीय आडनाव दिसलं आणि इथला पत्ता बंद असेल तर तिकडे शोधा, ओळखीतून विचारा. अशा माणसाला ओळखपत्र, नोटरी केलेला क्लेम आणि मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद असं सगळं भारतातून पाठवावं लागतं. नोटरी अमेरिकन वकिलातीत करता येते, नाहीतर भारतातल्या कागदावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का घ्यावा लागतो, त्यात वेळ जातो, म्हणून मुदतीची तारीख आधी काढा आणि त्यांना पहिल्याच फोनमध्ये सांगा. मराठीतल्या दाखल्याचं सर्टिफाइड भाषांतर लागेल, आणि पासपोर्टवरचं नाव डीडवरच्या नावाशी जुळत नसेल, वडिलांचं नाव मध्ये आलंय किंवा लग्नानंतर बदललंय, तर एकच व्यक्ती असल्याचं अफिडेव्हिट त्याच पाकिटात घाला, नाहीतर फाइल परत येते आणि मुदत मात्र चालूच राहते.