‘कीप’ म्हणजे नुसते ‘ठेवणे’ नव्हे : इंग्लंडमध्ये गाळा भाड्याने घेणाऱ्या नवागतांसाठी

नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला आलेला मराठी माणूस इथे कायम राहण्याची परवानगी मिळाली, की स्वतःचे काही सुरू करण्याचा विचार करू लागतो. पोळीभाजी केंद्र असो, किराणा असो की हिशेबनिसाची कचेरी, त्याच्या हाती पडणारा पहिला मोठा इंग्रजी दस्तऐवज बहुधा गाळ्याच्या भाडेकराराचा असतो. आपले इंग्रजी चांगले असते आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण करारातला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि कोश उघडण्याची गरजच भासत नाही. त्यातच पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर सह्या करताना नाव, रक्कम आणि तारीख तपासली की झाले, बाकीचा मजकूर उपचाराचा, ही सवय आपल्या हाडीमासी मुरलेली असते.

मीही तसाच होतो. वायव्य लंडनमध्ये पहिला गाळा घेतला तेव्हा करारात ‘टु कीप द प्रेमायसेस इन गुड रिपेअर’ असे वाक्य होते. मी मनातल्या मनात मराठी केले : ‘जागा चांगली ठेवावी.’ त्यात गैर काय आहे? छपराला आधीपासून गळती होती आणि मागची पन्हळ एका बाजूला झुकलेली होती, पण ते माझ्या आधीचे दुखणे होते, त्यामुळे ते घरमालक निस्तरेल असे मी गृहीत धरले. मुदत संपल्यावर मालकाच्या सर्व्हेअरने, म्हणजे इमारतीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाने, दुरुस्त्यांची नऊ पानांची यादी पाठवली आणि तिच्यात पहिल्याच ओळीवर छप्पर होते. इथल्या कायद्यात ‘कीप’ या क्रियापदाचा अर्थ 1890 सालच्या एका निकालापासून ठरलेला आहे : जी वस्तू सुस्थितीत ‘ठेवायची’ आहे ती आधी नादुरुस्त असेल, तर प्रथम ती सुस्थितीत ‘आणावी’ लागते, कारण त्याशिवाय ती तशी ठेवता येणारच नाही. म्हणजे जुन्या मोडतोडीचा खर्चही, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर, भाडेकरूच्या माथी येतो. भरपाईच्या रकमेवर पुष्कळ घासाघीस झाली, पण अर्थावर वाद घालायला जागाच नव्हती.

तेव्हा शब्दाचा मराठी अर्थ काय, हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि या शब्दावर पूर्वी भांडण झाले तेव्हा पैसे कोणी भरले, हे सॉलिसिटरला विचारावे. ‘क्वायट एन्जॉयमेंट’चे उदाहरण घ्या. शेजारच्या व्यायामशाळेच्या ढणढणाटाविरुद्ध या कलमाचा उपयोग होईल असे वाटते, पण त्याचा रोख मालकाने तुमच्या ताब्यात ढवळाढवळ करू नये यावर आहे. शांततेची हमी त्यात नाही. ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ मी पहिल्यांदा ‘सिव्हिअरली’ असे वाचले होते. परिणामाच्या दृष्टीने ते फारसे चुकीचेही नव्हते, कारण भागीदार हात वर करून निघून गेला तर मालक सगळी थकबाकी एकट्या तुमच्याकडून वसूल करू शकतो. लिमिटेड कंपनी काढली म्हणून निर्धास्त असाल, तर मागच्या पानावरचा ‘पर्सनल गॅरंटी’चा, म्हणजे कंपनीची थकबाकी स्वतःच्या खिशातून भरण्याच्या हमीचा, मजकूर आधी वाचा.

करार सरळसरळ अन्यायाचा दिसत असेल तर न्यायालय समजून घेईल, अशीही एक समजूत आपल्याकडे असते. वेल्समधल्या गावर द्वीपकल्पावर सुट्टीसाठी बांधलेल्या छोट्या घरांचे प्रकरण 2015 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. 99 वर्षांच्या पट्ट्यांवर दिलेल्या 91 घरांपैकी 25 घरांच्या करारात सेवाशुल्क पहिल्या वर्षी 90 पौंड आणि पुढे दरवर्षी शेकडा दहाने वाढते, असे लिहिलेले होते. करार झाले तो काळ चढ्या महागाईचा होता, त्यामुळे दहा टक्के तेव्हा कोणाला खटकले नसावेत. पण चक्रवाढ ती चक्रवाढच, आणि तिच्या हिशेबाने 2072 पर्यंत एकेका घराचे वार्षिक शुल्क साडेपाच लाख पौंडांच्या वर जाते. त्याच वाक्यात मालकाच्या खर्चाचा ‘प्रपोर्शनेट पार्ट’, म्हणजे प्रमाणशीर हिस्सा, असेही शब्द होते. त्यावरून हा आकडा फक्त कमाल मर्यादा आहे, असे रहिवाशांचे म्हणणे होते. पाचपैकी चार न्यायाधीशांनी ते मानले नाही. शब्द स्पष्ट असताना, व्यवहार पुढे आतबट्ट्याचा ठरला म्हणून न्यायालय करार नव्याने लिहून देणार नाही, असे त्यांनी ठरवले. म्हणून करारात टक्केवारी दिसली की कॅल्क्युलेटर काढून शेवटच्या वर्षापर्यंतचा आकडा मांडावा. मी आता प्रत्येक करारात हे करतो आणि त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

काही कलमे तर वाचूनही काहीच सांगत नाहीत. ‘1954 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टची कलमे 24 ते 28 लागू नाहीत’ ही ओळ सर्वांत महागडी ठरू शकते, कारण मुदत संपल्यावर त्याच गाळ्यात राहण्याचा आणि नवा करार मागण्याचा धंदेवाल्याचा हक्क त्या कलमांत असतो. ती वगळायची असतील तर मालकाने आधी ठरावीक नमुन्यातली इशाऱ्याची सूचना द्यावी लागते आणि तुम्हाला ती मिळाल्याचे प्रतिज्ञापन करावे लागते. त्या कागदावर औपचारिकता म्हणून सही करू नये. तो हक्क शाबूत असला, तरी तारखांचा हिशेब कसा काटेकोर असतो ते 1981 च्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या) निकालात दिसते. भाडेकरार संपवण्याची मालकाची नोटीस 30 सप्टेंबरची होती आणि न्यायालयात अर्ज करण्याची मुदत चार महिन्यांची होती. भाडेकरूने 31 जानेवारीला अर्ज केला आणि हक्क गमावला, कारण ‘मंथ’ म्हणजे त्याच तारखेपासून त्याच तारखेपर्यंत. महिनाअखेर ते महिनाअखेर असा तो हिशेब नव्हता. अर्ज फार तर 30 जानेवारीपर्यंत करायला हवा होता.

एक शब्दप्रयोग मात्र आपल्या बाजूचा आहे, तो म्हणजे ‘सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट’. पत्रव्यवहारावर तो लिहिलेला असेल तोवर सहसा कोणीच बांधील नसते. ‘ॲग्रीड’ असे उत्तर आले म्हणजे शब्द दिला, असे समजून रंगारी बोलावू नका. मात्र तुम्हालाही तोवर माघार घेता येते. (हे सारे इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे, स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.)

दुसरा गाळा घेताना मी सही करण्यापूर्वी तारखेसह त्रेचाळीस छायाचित्रे काढली, ती ‘शेड्यूल ऑफ कंडिशन’ म्हणून कराराला जोडून घेतली आणि जागा त्या छायाचित्रांतल्या स्थितीपेक्षा चांगली करून देण्यास भाडेकरू बांधील नाही, एवढे एक वाक्य सॉलिसिटरकडून घालून घेतले. सात वर्षांनी गाळा सोडताना मालकाचा सर्व्हेअर आला आणि मागच्या भिंतीवरच्या भेगेजवळ थांबला. मी एकोणिसावे छायाचित्र पुढे केले. त्याने ते भेगेच्या शेजारी धरून पाहिले आणि आपल्या यादीतली ती ओळ पेनाने खोडली.