३२ पानांचा सिनेमा करायचा तर

गोरेगावच्या एका स्टुडिओत स्टोरीबोर्डच्या, म्हणजे सिनेमाचे शॉट आधी चित्रांच्या चौकटींत मांडायच्या, कामासाठी मला टेस्ट दिली होती. मुलांचं एक चित्रपुस्तक घ्यायचं आणि त्याची गोष्ट बोर्डवर आणायची. जे. जे.तून नुकतीच बाहेर पडले होते, हात बरा होता. प्रत्येक चित्र मी जीव ओतून पुन्हा काढलं, एका पानाला एक शॉट. अख्खी गोष्ट पावणेदोन मिनिटांत संपली. दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "हे पुस्तकच झालं. दोन पानांच्या मध्ये काय घडतं ते काढून आण."

चित्रपुस्तक बहुतेकदा ३२ पानांचं असतं, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की पानं १६च्या पटीत पडतात. दीड तासाच्या सिनेमात सेकंदाला २४ या हिशोबाने १,२९,६०० फ्रेम्स लागतात. एवढी जागा दिसली की आपण घाबरून पाठलाग घालतो, गाणी घालतो. त्याआधी पुस्तकाने काय सांगितलेलं नाही ते शोधा. 'क्लाउडी विथ अ चान्स ऑफ मीटबॉल्स' या १९७८च्या पुस्तकात एका गावात आभाळातून जेवण पडतं, पण ते का पडतं हे पुस्तक सांगत बसत नाही. २००९च्या सिनेमाने नेमका तो 'का' धरला. एक धडपडा संशोधक आणला, त्याचं मन न कळणारा बाप आणला. 'द स्नोमॅन'चं पुस्तकही १९७८चंच, शब्दांविना. १९८२च्या फिल्मने त्याला ओढूनताणून लांबवलं नाही, २६ मिनिटांत आणि संवादांशिवाय गोष्ट सांगितली. मला ही दुसरी वाट जास्त जवळची वाटते. सगळ्याच गोष्टींना दीड तास पेलत नाही.

टेस्ट पुन्हा करायची होती तेव्हा डोंबिवलीला ताईकडे गेले आणि तेच पुस्तक भाचीला वाचून दाखवलं. एका पानावर तिने हात दाबून धरला, उलटूच देईना. मजकूर एका ओळीचा, पण चित्राच्या कोपऱ्यात एक दार किलकिलं होतं. "मावशी, आत कोण आहे?" मी दहा वेळा पाहूनही ते दार मला दिसलं नव्हतं. त्या एका दारातून माझे अकरा पॅनल, म्हणजे बोर्डवरच्या चौकटी, निघाले, आणि काम मिळालं ते त्या अकरांवर. तेव्हापासून नवीन पुस्तक हातात आलं की आधी एखाद्या मुलाला वाचून दाखवते. मूल कुठे रेंगाळतं, कुठे पान उलटायची घाई करतं, ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवते.

सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. आधी पोस्टाच्या तिकिटाएवढी कच्ची चित्रं, म्हणजे थंबनेल्स, काढा, मोबाइलवर स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करा आणि चित्रं त्यावर बसवून अ‍ॅनिमॅटिक करा. शॉट रटाळ असेल तर इथेच कळतं. पुढे शिकायचं असेल तर पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये अ‍ॅनिमेशनचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे, त्यासाठी सीईईडी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

सरावाला कुठलंही पुस्तक घ्या, पण फिल्म करून ती बाहेर दाखवायची असेल तर हक्क घ्यावेच लागतात. लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर दोघांच्याही हक्कांची चौकशी करा. आपल्याकडे कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आणि पोर्टफोलिओत मूळ पानाशेजारी तुमचे पॅनल लावा, म्हणजे तुम्ही कुठे काय भर घातली ते बघणाऱ्याला लगेच दिसतं.