काल्पनिक चेहरा घडवताना आधी डोळे बसवा

समजा, गोदाघाटावर फुलं विकणाऱ्या एका काल्पनिक आजींचा चेहरा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घडवायचा आहे. सुरुवातीलाच व्ह्यूपोर्टची (काम करताना मॉडेल दिसतं त्या खिडकीची) फोकल लेंग्थ, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर, 85 मिमी करा. मूळ 50 मिमीवर अगदी जवळून काम केलं की नाक मोठं भासतं, ते आपण नकळत दाबतो आणि लांबून घेतलेल्या रेंडरमध्ये (अंतिम चित्रात) चेहरा चपटा निघतो.

पापण्या कोरण्याआधी 24 मिमी व्यासाचे दोन वेगळे गोल साधारण डोक्याच्या उंचीच्या मध्यावर बसवा. पापणी त्या गोलावरून वळली पाहिजे आणि तिच्या कडेला जाडी हवीच. कड कागदासारखी पातळ राहिली, तर चेहरा बाहुलीचा वाटतो. वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग किंचित झाकते, हेही विसरू नका.

ठेवण पक्की होईपर्यंत रीमेश (मॉडेलची जाळी नव्याने विणणं) भरडच ठेवा. सुरकुत्या स्नायूंच्या तंतूंना आडव्या पडतात. कपाळाचा स्नायू उभा, म्हणून आठ्या आडव्या. त्या मनाला येईल तिथे ओढू नयेत. शेवटी सिमेट्री (दोन्ही बाजू सारख्या ठेवणारी सोय) बंद करून एक भुवई थोडी उचला, ओठांचा एक कोपरा किंचित उतरवा. मग रामकुंडावरच्या भर दुपारच्या उन्हासारखा वरून एकच दिवा लावा. डोळ्यांच्या खोबणी आणि गालफडांतल्या चुका लगेच दिसतात. त्वचेची छिद्रं त्यानंतर.