आजारपणातही टिकेल असा नित्यनेम

देवाचं मनापासून करणारी माणसं देहाचं करायला विसरतात, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षं बघत आले आहे. पहाटे उठून तासभर प्रार्थना करतात, पण बीपीची गोळी 'राहून गेली' म्हणतात. एकही उपास मोडत नाहीत, पण शुगर शेवटची कधी तपासली ते आठवत नाही. उलटेही असतात. रोजची पावलं मोजतात, खाण्यापिण्याचं सगळं पाळतात, पण मनात साठलेलं कुणाजवळ म्हणून बोलत नाहीत. मी परिचारिका आहे आणि नामस्मरण करणारी आहे. पाळ्यांच्या ड्यूटीत दोन्ही सांभाळताना जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. आरोग्यासाठी वेगळी यादी करून भिंतीवर लावलीत तर ती भिंतीवरच राहील. जो नेम तुम्ही श्रद्धेने आधीपासून पाळता, त्यालाच देहाची, मनाची आणि माणसांची काळजी जोडून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्यात आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य, असं तिन्ही मिळून धरलं आहे. नुसता रोग नसणं पुरेसं मानलेलं नाही. नेम बांधताना ही तिन्ही अंगं डोळ्यांसमोर असू द्या.

आधी खुंट्या ठरवा

घड्याळाला बांधलेला नेम पाळी बदलली, प्रवास निघाला, घरात कुणी आजारी पडलं की सुटतो. मला सहा वाजता उठणं काही आठवडे जमायचं, मग रात्रपाळी लागायची. म्हणून दिवसात हमखास घडणाऱ्या गोष्टींच्या खुंट्या करा: डोळे उघडणं, जेवायला बसणं, अंथरुणाला पाठ टेकणं. या तीन पुरेत. तुम्ही पाच वेळची नमाज पढत असाल किंवा प्रार्थनेचे ठरलेले प्रहर पाळत असाल, तर खुंट्या आधीच मारलेल्या आहेत. त्यांना काय अडकवायचं एवढंच ठरवायचं आहे.

एका खुंटीला सुरुवातीला एकच गोष्ट. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी ध्यान, व्यायाम, वाचन, पथ्य सगळं सुरू करणाऱ्यांचं दुसऱ्या आठवड्यात काय होतं, ते तुम्हीही आजूबाजूला पाहिलं असेल.

सकाळ: माळ आणि गोळ्या एकाच जागी

माझी सकाळची खुंटी जपाची. उठल्यावर फोन हातात घेण्याआधी. कसं बसते ते नीट सांगते, कारण बसणं चुकलं की आठवड्याभरात मान धरते आणि जप सुटतो.

गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा हट्ट नको. खुर्ची घ्या, तळवे जमिनीला पूर्ण टेकू द्या. माळेचा हात अधांतरी धरू नका, कोपराखाली उशी घ्या म्हणजे खांदा वर ओढला जात नाही. माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्याने आत ओढायचा. श्वास आपोआप आत येऊ द्या आणि बाहेर जाताना, सावकाश, त्यावर एक नाम घ्या. एक श्वास, एक नाम, एक मणी. श्वास रोखायचा नाही, ताणायचाही नाही. काही दिवसांत मिनिटाला साधारण सहा श्वास अशी लय लागते. त्या लयीत १०८ मण्यांची माळ १८ मिनिटांत पूर्ण होते. तेवढा वेळ नसेल तर २७ मणी घ्या, साडेचार-पाच मिनिटांत होतात. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, किंवा गरगरल्यासारखं वाटलं, तर श्वासाचा नाद सोडून द्या. नुसतं नाम पुरे.

या सहा श्वासांच्या लयीवर एक सुंदर प्रयोग झाला आहे. इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना रोझरी म्हणजे ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना 'आवे मारिया' आणि बौद्धांचा 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आतली यंत्रणा जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली हे छापून आलं. दोन वेगळ्या धर्मांतल्या प्रार्थनांनी माणसाच्या श्वासाची तीच लय धरलेली असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण प्रयोग लहान आहे. त्यावरून 'जपाने बीपी बरा होतो, गोळी सोडा' असं कुणी सांगू लागलं तर ऐकू नका.

मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडायचा नसतो, तिथून माळ फिरवायची असते. तिथे मी थांबते आणि देहाची विचारपूस करते. पावलांवर सूज आहे का? रात्री लघवीला किती वेळा उठले? जिन्यावर कालपेक्षा लवकर धाप लागली का? अर्धं मिनिटही लागत नाही. वॉर्डात येणारे कितीतरी पेशंट सांगतात, 'सूज महिनाभर होती, लक्षच गेलं नाही.' रोज त्याच वेळी विचारलंत की फरक कळतो. आणि छातीत दाब, हाता-जबड्याकडे जाणारी कळ, अचानक तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं काही झालं तर माळ तिथेच ठेवून मदत बोलवा. जप पुरा होण्याची वाट बघू नका.

आता गोळ्या. सात दिवसांच्या खणांची डबी माळेशेजारी ठेवा. हातात एक आलं की दुसरं दिसलंच पाहिजे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांना तर हे फारच सोयीचं. ती अनशापोटी घेऊन खाण्याआधी अर्धा ते एक तास थांबावं लागतं. हा थांबण्याचा वेळ जपाला द्या. 'माझा देवावर विश्वास आहे' म्हणून गोळी बंद केलेली माणसं मी फार वाईट अवस्थेत आलेली पाहिली आहेत. बीपी-हृदयाच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्या तर त्या थांबवण्यानेच त्रास उसळतो. गोळी घेताना हात जोडा, तिला प्रसाद म्हणा, पण घ्या. बदल करायचा असेल तर डॉक्टरांशी बोलून.

दुपार: चालणं, आणि जेवणाआधीचा श्वास

मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. पासष्टी ओलांडलेल्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा. आकडा मोठा वाटतो, पण जेवणानंतरची दहा-दहा मिनिटं धरली तरी बरंच काम होतं. वेग ओळखायचा सोपा मार्ग असा, की चालता चालता बोलता यावं, पण भजन म्हणायला दम पुरू नये. मनातल्या मनात नाम चालू राहिलं तर उत्तमच.

उपासनेतल्या उठण्याबसण्याकडेही व्यायाम म्हणून बघा. दंडवत, सजदा, गुडघे टेकून प्रार्थना, यांत मांड्यांना आणि कमरेला खरं काम पडतं. फक्त उठताना सावकाश. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडून खुब्याचं हाड मोडतं. काचबिंदू असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर डोकं खाली नेणं आणि गुडघे टेकणं याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

जेवणापूर्वी दोन ओळींची प्रार्थना आणि फोन दुसऱ्या खोलीत. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

उपासाचं मात्र सविस्तर

उपासाने मन हलकं होतं, संयम येतो, हे मी अनुभवाने मानते. पण इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना नेहमीचाच डोस घेऊन पोट रिकामं ठेवलं, तर साखर घसरते. हात थरथरतात, घाम फुटतो, धडधडतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि घरचे म्हणतात, उपासाने थकवा आला असेल. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की उपास तिथेच संपला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरीही कमी असेल तर पुन्हा द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी निर्जळी करूच नये.

उपासांचा काळ येण्याआधी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटा आणि कोणते दिवस, किती तास, पाणी चालतं की नाही, ते स्पष्ट सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. वेळा आणि डोस बदलून काही जणांना उपास करता येतो, काहींना येत नाही.

ज्यांना येत नाही त्यांना अपराधी वाटतं. त्यांच्यासाठी सांगते. इस्लामने आजारी आणि प्रवासी माणसाला रोज्यातून सूट दिली आहे, आणि कायमच्या आजाऱ्याला त्याऐवजी गरिबाला जेवू घालण्याचा मार्ग ठेवला आहे. ज्यू धर्मात योम किप्पुरचा उपास अतिशय कडक, पण जिवाला धोका असेल तर तो मोडणं हेच कर्तव्य. रोमन कॅथलिक चर्चने साठीच्या पुढच्यांवर उपासाचं बंधन ठेवलेलं नाही. आपल्याकडे दूध-फळांवरचा उपास आहेच. ज्यांनी उपास सांगितले त्यांनीच आजाऱ्याचा विचार करून ठेवला आहे. जेवणाऐवजी बोलण्याचा उपास करा. एक दिवस कुणाबद्दलही वाईट बोलायचं नाही. मला तो अन्नाच्या उपासापेक्षा कठीण जातो.

रात्र: दिवस खाली ठेवणं

सोळाव्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना रोज दिवसाकडे मागे वळून बघण्याची सवय लावली. ती कोणत्याही श्रद्धेच्या माणसाला घेता येते. अंथरुणावर बसून तीन गोष्टी आठवायच्या: आज काय लाभलं, कुणाला दुखावलं, उद्याचं काय डोक्यात घोळतं आहे. पहिल्यासाठी आभार मानायचे. दुसऱ्यासाठी क्षमा मागायची, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडेही. तिसरं कागदावर उतरवायचं, आणि कागद दुसऱ्या खोलीत ठेवायचा. माझ्या अनुभवात झोप उडवते ती ही तिसरी गोष्ट.

झोप मोठ्या माणसाला निदान सात तास हवी. पहाटे चारला उठून साधना करायची असेल तर रात्री नऊला डोळा लागला पाहिजे. हे जमत नसेल तर साधनेची वेळ पुढे न्या, झोपेचा गळा घोटू नका. रात्रपाळी करणाऱ्यांनी सकाळी घरी आल्यावर जाड पडदे ओढून हीच रात्र समजावी आणि हाच रात्रीचा नेम करावा.

मन खचलं तर

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, प्रार्थनाही कोरडी वाटते, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. 'तुझी श्रद्धा कमी पडली' असं अशा माणसाला म्हणू नये, फार जखम होते. मानसोपचारतज्ज्ञाकडे चला म्हणावं आणि सोबत जावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

आणखी एक प्रकार लोकांना ओळखू येत नाही. प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, एक शब्द चुकला तर काहीतरी अनर्थ होईल अशी भीती वाटते, हात धुणं-शुद्ध होणं संपतच नाही. ही भक्ती वाढल्याची खूण नव्हे. मंत्रचळ नावाचा हा आजार आहे, त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते घेतले की प्रार्थनेतली शांती परत मिळते.

माणसांचं अंग मात्र घरात बसून साधत नाही. आठवड्यातून एकदा जिथे चार जण मिळून प्रार्थना करतात तिथे जा, आणि एका एकट्या माणसाला फोन करा. घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास दुसऱ्या कुणाच्या हवाली करून बाहेर पडावं. तोही नेमच धरा.

खाडा पडला तर, आणि आजारपणाचा नेम

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले. कुणाला १८, कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला तरी सवयीचं फारसं बिघडलं नाही. तेव्हा खाडा पडला की प्रायश्चित्त म्हणून दुप्पट माळा ओढत बसू नका. पुढची खुंटी आली की तिथून धरा.

शिवाय प्रत्येक नेमाचं एक अगदी लहान रूप आधीच ठरवून ठेवा, ताप आला असताना किंवा ऑपरेशननंतर करता येईल इतकं लहान. माझं असं आहे: पडल्या पडल्या तीन श्वास, तीन नामं, पावलं वरखाली दहा वेळा, आणि वेळेवर गोळ्या. पोटऱ्या हलत्या राहिल्या की रक्त साकळण्याचा धोका कमी होतो, म्हणून पावलांचं त्यात आहे.

हे लहान रूप एका कागदावर लिहा. त्याच कागदावर चालू औषधांची नावं आणि डोस, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा फोन आणि उपासाबद्दल डॉक्टरांशी काय ठरलं आहे ते लिहा. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा कोणती प्रार्थना कानावर पडावीशी वाटते, तेही लिहा. आम्ही परिचारिका ते आनंदाने जमवतो, पण आम्हाला कळायला तर हवं. एक प्रत गोळ्यांच्या डबीत ठेवा, फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये द्या, आणि औषध बदललं की कागद त्याच दिवशी नव्याने लिहा.