सर्टिफिकेटमधला र् कुणाचा? परका शब्द तोडून बोलायची आणि लिहायची पद्धत

इंग्रजीतून आलेला लांब शब्द लिहिताना अडलात की लगेच त्याचं इंग्रजी स्पेलिंग आठवत बसू नका, आधी तो हळूहळू मोठ्याने म्हणा आणि हनुवटीखाली हात धरा, हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. सर्टिफिकेट घ्या. सर्-टि-फि-केट, चार तुकडे. अक्षरं मोजलीत तर पाच भरतात, कारण शेवटचा ट आपण पूर्ण लिहितो पण बोलताना तो पाय मोडलेलाच असतो.

आता खरी गोम इथे आहे. बोलताना र् हा 'स'सोबत जातो, लिहिताना मात्र रफार होऊन पुढच्या 'टि'च्या डोक्यावर बसतो. हे लक्षात आलं नाही की मग 'सटिर्फिकेट' लिहिलं जातं. रफार ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या आधी र् म्हणायचा, एवढं पक्कं धरा: मार्-केट, पार्-टी. टाइपसुद्धा बोलता त्याच क्रमाने करा, स, र, हलन्त (पाय मोडायची खूण), ट आणि मग वेलांटी, ती डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी दाबायची नाही. ट्रॅक्टरमध्ये उलटं, ट आधी आणि र नंतर, म्हणून तिथे ट्र.

बाकी जोडाक्षरांचंही तेच. डॉक्-टर, हॉस्-पि-टल, आधीच्या तुकड्याचं शेवटचं व्यंजन पुढच्या अक्षराला जोडून टाकायचं.

मग पासपोर्टचं काय, पास्-पोर्ट म्हणतो तर पास्पोर्ट का नाही लिहीत? कारण ते दोन अख्खे शब्द एकत्र आलेत, सांधा मोकळाच ठेवायचा, फुटबॉल आणि टाइपरायटरही तसेच. फारसीतून आलेला दरवाजापण बोलताना दर्-वा-जा होतो, पण असे मुरलेले शब्द रूढ आहेत तसेच लिहावेत, उगाच दर्वाजा करू नये असं माझं ठाम मत आहे.

स्वरांचं थोडक्यात: ॲ आणि ऑ 2009 पासून शासनाच्या वर्णमालेतच आहेत, तेव्हा बेटरी, डाक्टर नको, बॅटरी, डॉक्टर लिहा. शब्दाच्या शेवटी वेलांटी आली तर दुसरीच, टॅक्सी, कंपनी.

हे जमलं की इन्स्टिट्यूट करून बघा. इन्स्-टि-ट्यूट, तीनच तुकडे, पहिल्याच्या शेवटी न् आणि स् असे दोन अर्धे आहेत आणि लिहिताना ते दोघंही पुढच्या 'टि'ला जाऊन चिकटतात.