काचेचा अपवर्तनांक: कोन मोजू नका, लांबी मोजा

काचेच्या चिपेचा अपवर्तनांक, म्हणजे आपतन आणि अपवर्तन कोनांच्या साइनचे गुणोत्तर, दर वेळी वेगळा येत असेल, तर दोष बहुधा कोनमापकाचा असतो. आपतन कोन (काचेवर पडणाऱ्या किरणाचा काचेच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेशी होणारा कोन) 30° असताना काचेत वाकलेल्या किरणाचा अपवर्तन कोन जेमतेम 19.5° भरतो, तिथे 1° चुकला की उत्तर सुमारे 5 टक्क्यांनी बिघडते.

थर्माकोलवर कागद लावा, मध्ये चीप ठेवून टोकदार पेन्सिलीने कडा आखा. चीप उचला. वरच्या कडेवर ओ बिंदू घ्या, तो आपाती (काचेवर पडणारा) किरण ज्या बाजूने येणार त्या टोकाकडे. मध्यावर घेतलात तर किरण चिपेच्या आखूड बाजूवर आदळू शकतो. ओ मधून स्तंभिका (कडेला लंब रेषा) काढून ती खालीही वाढवा आणि तिच्याशी सुमारे 60° करणारा किरण आखा. त्यावर किमान 5 सेंमी अंतराने दोन टाचण्या टोचा, चीप पुन्हा रेषेत बसवा. पलीकडच्या बाजूने पाहत आणखी दोन टाचण्या अशा लावा, की चारही एका ओळीत दिसतील. टाचण्यांची डोकी पाहू नका, बुंधे पाहा. टाचणी थोडी कलली तरी बुंधा जागचा हलत नाही.

नंतरच्या दोन टाचण्यांमधून जाणारा निर्गत (काचेतून बाहेर पडणारा) किरण खालच्या कडेला मिळतो तो बिंदू प. ओप जोडून पुढे वाढवा. निर्गत किरण आपाती किरणाला समांतर नसेल, तर चीप सरकली आहे. नवा कागद घ्या.

आता ओ केंद्र धरून 8 सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. आपाती किरण आणि वाढवलेली ओप रेषा वर्तुळाला छेदतात तिथून स्तंभिकेवर लंब टाका. पहिल्या लंबाला दुसऱ्याने भागा: साधारण 6.9 आणि 4.6 सेंमी, म्हणजे 1.5. त्रिज्या समान असल्याने हे साइनचेच गुणोत्तर आहे.

तिरकस पाहताना टाचणीच्या कडेला रंग दिसतात, ते अपस्करण, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे होणे. निळ्यासाठी अपवर्तनांक थोडा जास्त असतो. 6 सेंमी रुंदीच्या क्राउन काचेत (कमी अपस्करणाची साधी काच) 60° ला तांबडा व निळा किरण खालच्या कडेवर एकमेकांपासून 0.3 मिमीच सरकतात आणि समांतर बाहेर पडतात, त्यामुळे मापनात अडचण येत नाही.

रंग नीट उलगडायला 60° चा लोलक (काचेचा त्रिकोणी ठोकळा) हवा. क्राउन काचेचा लोलक किमान विचलनाच्या स्थितीत (किरण कमीत कमी वळेल असा) ठेवला, तर 2 मीटरवरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सुमारे 5 सेंमीचा पट्टा मिळतो. थेट उन्हात मात्र रंग एकमेकांत मिसळतात, कारण सूर्यबिंब स्वतःच अर्धा अंश रुंद आहे. फ्लिंट काचेचा (जास्त अपस्करणाची काच) लोलक असेल तर पट्टा दुपटीहून लांब पडतो.