अंदाजाने बग शोधताय? मग या चुका टाळा

अनुभवी टेस्टर सॉफ्टवेअरचं नवीन बिल्ड, म्हणजे तपासायला आलेली नवी आवृत्ती, उघडते, दोन-चार स्क्रीन फिरते आणि म्हणते, "रिपोर्ट राहू दे, आधी तारीख बदलून बघ." बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, नेमका तिथेच निघतो. शेजारी बसलेल्या फ्रेशरला ती जादू वाटते, पण तिच्यामागे आधी पाहिलेल्या शेकडो बगांची आठवण असते. टेस्टिंगच्या भाषेत याला एरर गेसिंग म्हणतात. आयएसटीक्यूबी या टेस्टरना प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासक्रमातही एक्सप्लोरेटरी (वापरत-शिकत केलेल्या) आणि चेकलिस्ट (यादीवरून केलेल्या) टेस्टिंगसोबत त्याला अनुभवावर आधारित तंत्रांत जागा आहे.

कोल्हापुरात सॉफ्टवेअर म्हटलं की दूध संस्था, साखर कारखाने, पतसंस्था, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. इथला एक बग म्हणजे गावातल्या कितीतरी घरांच्या बिलात फरक. त्यामुळे अंदाज जरूर चालवावा. पण तो चालवताना काही चुका पुन्हा पुन्हा होतात, आणि त्यापायी चांगल्या टेस्टरचा अनुभव वाया जातो.

इंटरनेटवरची यादी आपली समजणं

रिकामं फील्ड, शून्य, ऋण आकडा, लांबलचक नाव, मोठी फाइल. ही यादी सगळ्यांना पाठ असते. ती तपासावी, पण त्यात फार वेळ घालवू नये, कारण तिथले बग बहुतेक वेळा डेव्हलपरनेच आधी काढलेले असतात. खरा अंदाज धंद्याच्या पोटात शिरल्यावर सुचतो.

दूध संस्थेचं बिल घ्या. ते दहा दिवसांचं असतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ पासून महिनाअखेर. पहिली दोन बिलं नेहमी दहा दिवसांची. तिसरं मात्र कधी दहा, कधी अकरा, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचं. ज्याने कोडमध्ये सरळ "सुरुवातीची तारीख अधिक नऊ" लिहिलं, त्याच्याकडे ३१ तारखेचं दूध हवेत राहतं. लीप वर्षाचा प्रश्न कुणाला किरकोळ वाटत असेल तर २९ फेब्रुवारी २०२४ आठवा. त्या दिवशी न्यूझीलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी सेल्फ-सर्व्हिस पेट्रोल पंपांवरचं पेमेंट याच कारणाने बंद पडलं होतं.

याच बिलात अजून खोल जा. संकलन दोन वेळा होतं, सकाळी आणि संध्याकाळी. संघाने दर बदलला तर तो कुठल्या वेळेपासून लागू? एकाच सभासदाची गायही आहे आणि म्हैसही, तर दोन्ही नोंदी एका कोडवर नीट बसतात का? घाईत दशांश चिन्ह राहिलं आणि म्हशीच्या दुधाची फॅट ६.५ ऐवजी ६५ पडली, तर सॉफ्टवेअर अडवतं की मुकाट्याने बिल काढतं? यातला एकही प्रश्न तयार यादीत सापडणार नाही.

मराठीचंही तसंच. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. 'श्री' आपल्याला एकच अक्षर दिसत असलं तरी यंत्राच्या लेखी त्यात चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. इंग्रजी नावं टाकून पास झालेलं तीस बाइटचं फील्ड मराठी नावाला दहाव्या चिन्हावरच कापतं, आणि पावतीवर आडनाव अर्धवट छापलं जातं. बिलाचा एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा असतो, मराठीत तो ७० वरच संपतो. पुढचा मजकूर दुसऱ्या मेसेजमध्ये जातो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. म्हणून टेस्ट डेटा पहिल्या दिवसापासून मराठीत ठेवा. 'टेस्ट१', 'टेस्ट२' असे सभासद घेऊन हे बग कधीच दिसणार नाहीत.

"काहीतरी गडबड आहे" एवढंच लिहून बग टाकणं

सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं. अंदाज बरोबर असतो, बग खरा असतो, पण रिपोर्टमध्ये एकच ओळ असते: "महिनाअखेरीला बिल चुकतंय." डेव्हलपर आपल्या मशीनवर बघतो, बिल बरोबर येतं, तो तिकीट (बगची नोंद) बंद करतो. पुढच्या वेळी त्याच टेस्टरचा अंदाज कुणी मनावर घेत नाही.

तोच बग असा लिहून बघा. सभासद क्रमांक १०१, म्हैस, ३१ तारीख, संध्याकाळचं संकलन, ४.५ लिटर, फॅट ६.५. नेट बंद ठेवून नोंद केली. १ तारखेला सकाळी नेट सुरू केलं आणि डेटा सर्व्हरवर गेला. नोंद गेल्या महिन्याच्या तिसऱ्या बिलात यायला हवी होती, ती या महिन्याच्या पहिल्या बिलात आली. आता डेव्हलपरला शोधाशोध करावी लागत नाही. प्रोग्रॅम संकलनाची तारीख सोडून अपलोडची तारीख धरतोय, हे वाचतानाच त्याच्या लक्षात येतं.

अंदाज लिहायला चार गोष्टी पुरतात: काय वाटलं, का वाटलं, काय करून बघितलं, काय दिसलं. त्यातलं "का वाटलं" लोक हमखास गाळतात. ते जरूर लिहा. गावाकडे रेंजचा भरवसा नसतो, नोंदी उशिरा चढतात, म्हणून तारखेवर संशय आला. एवढं एक वाक्य असलं की दुसरा टेस्टर तोच संशय पतसंस्थेच्या पिग्मी कलेक्शनवरही लावून बघू शकतो.

अनुभव आहे म्हणून पद्धत सोडणं

काही सीनियर मंडळी अंदाजावर इतकी विसंबतात की सीमेवरच्या किमती (मर्यादेचा आकडा आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा) तपासायच्याच राहून जातात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. इथे आधी १३, १४ आणि १५ वा दिवस तपासायचा, त्यात अनुभवाची गरज नाही. अनुभव त्याच्या पुढे कामाला येतो. भरलेली ट्रॉली काट्यावर रात्री ११:४० ला चढली आणि रिकामी ट्रॉली १२:२० ला तोलली, तर ऊस कुठल्या तारखेला दिला असं धरायचं? चौदा दिवस कुठून मोजायचे? पैसे दोन हप्त्यांत दिले आणि मध्ये ३१ मार्च आला, तर व्याज कसं निघतं? आधी पद्धत, मग अंदाज. हा क्रम उलटा झाला तर अवघड बग सापडतात आणि सोपे ग्राहकाकडे जातात.

जुन्या जागीच खोदत बसणं

गेल्या रिलीजला प्रिंटिंगने नाकी नऊ आणले असतील तर पुढचे सहा महिने टेस्टर प्रिंटिंगच तपासत राहतो. बग एका मॉड्युलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका भागात, गोळा होतात हे खरं, त्यामुळे तिथे बघणं चूक नाही. पण टेस्टिंगवर पुस्तकं लिहिणारे बोरिस बायझर यांनी १९९० मध्ये मांडलेला कीटकनाशकाचा दाखला इथे लागू पडतो. उसावर दरवर्षी तेच औषध फवारलं की कीड त्याला दाद देईनाशी होते, तशा त्याच त्या टेस्ट पुन्हा पुन्हा चालवल्या की त्या नवीन काही शोधत नाहीत. यावर उपाय म्हणजे वेळ बांधून घेणं. जेम्स आणि जोनाथन बाख या टेस्टर भावांनी २००० साली मांडलेल्या सेशन-बेस्ड पद्धतीत साधारण दीड तासाचं सेशन, त्याचा एकच ठरलेला हेतू आणि शेवटी लिखित नोंद असते. सेशन संपलं, हाती काही लागलं नाही, की जागा बदला. रिकामं गेलेलं सेशनही नोंदवा, म्हणजे तिथे काय-काय बघून झालंय हे सगळ्यांना कळतं.

स्क्रीनच्या बाहेर न बघणं

ऑफिसातल्या खुर्चीत सगळं सुरळीत चालतं. संस्थेत मात्र वजनकाटा, फॅट मशीन, प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असतात आणि लाइट कधीही जाते. नोंद सेव्ह होताना लाइट गेली तर? पावती छापून झाली पण नोंद झालीच नाही तर? प्रिंटरचा कागद संपला म्हणून ऑपरेटरने बटण दोनदा दाबलं, तर दूध दोनदा जमा होतं का? केबल उपसून बघा, प्लग काढून बघा. माझ्या मते यात घालवलेला अर्धा तास दहा फील्ड तपासण्यापेक्षा मोलाचा आहे.

अनुभव एकट्याच्या डोक्यात ठेवणं

कोल्हापुरातला चांगला टेस्टर तीन-चार वर्षांत पुण्याला जाण्याची शक्यता मोठी. हिंजवडीची ऑफर आली की तो जातो, आणि कुठल्या मॉड्युलला कुठे टोचलं की ते ओरडतं, हे ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. टीमची स्वतःची बग-यादी ठेवा. जुनी तिकिटं वाचून, मॉड्युलवार नको, कारणांवार लावा: तारखेचा घोळ, राउंडिंग, दोनदा दाबलेलं बटण, अर्धवट सेव्ह, मराठी मजकूर. नवीन फीचर आलं की यादीतल्या प्रत्येक कारणावरून एकेक प्रश्न विचारा. ज्या कारणाने बऱ्याच काळात काही दिलं नाही ते खाली सरकवा, पण पुसू नका.

काहीच सुचत नसेल तर

नवीन क्षेत्राचं काम आलं की जुना अनुभव फारसा हात देत नाही, आणि मग टेस्टर पुन्हा त्या तयार यादीकडे वळतो. त्यापेक्षा वापरणाऱ्याकडे जा. सकाळच्या संकलनाला संस्थेत जाऊन रांगेच्या बाजूला उभे राहा. ऑपरेटर कुठली की न बघता दाबतो, कुठली सूचना न वाचता बंद करतो, गर्दी वाढली की कुठली पायरी गाळतो, ते टिपा. सचिवांना विचारा, "साहेब, सॉफ्टवेअर असूनही वहीत काय लिहून ठेवता?" त्या वहीत जो कॉलम असेल, त्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. टेस्टिंग तिथून सुरू करा.